माझ्या हनुवटीवरची दोन भोकं

मी एक जुना बंपर आहे, मित्रांनो. गाडीचा पुढचा बंपर. रंग गडद निळा, वय सहा वर्षं, आणि उजव्या कोपऱ्यावर किराणा दुकानातल्या ट्रॉलीने दिलेला एक ओरखडा. आमच्या ओहायोत बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ मी सहा हिवाळे तोंडावर झेललं आहे. गाडीची गोष्ट निघाली की लोक इंजिनाचं कौतुक करतात. बंपरचं नाव निघतं ते कुणी येऊन धडकलं तरच. म्हणून आज मीच माझी गोष्ट सांगायला बसलो आहे. ती माझ्या हनुवटीवरच्या दोन भोकांची गोष्ट आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी मी प्लास्टिकचे दाणे होतो. मला वितळवलं, साच्यात दाबलं, थंड केलं आणि रंगाचे थर चढवले. साच्यातून निघालो तेव्हा माझं तोंड गुळगुळीत होतं. हनुवटीच्या मध्यावर टाचणीने टोचल्यासारख्या दोन खुणा तेवढ्या होत्या. पुढे नंबरप्लेट लागत असेल तर भोकं इथे पाडा, असं त्या खुणा सांगत. काही राज्यांत गाडीला मागची एकच प्लेट पुरते. ओहायोत मात्र मागेपुढे दोन्हीकडे लागायची. मी बेल्फर्ड गावातल्या गाड्यांच्या दुकानात पोचलो त्या उन्हाळ्यात तो नियम बदलला. २०२०च्या जुलैच्या पहिल्या तारखेपासून पुढची प्लेट नको, असं ठरलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! हनुवटीला धक्का न लागता जगायला मिळणार होतं.

मला पसंत केलं डार्लीनने. डार्लीनने एकतीस वर्षं गावातली शाळेची बस चालवली होती, चौदा नंबरची. आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरसुद्धा ताठ बसावं. नवी कोरी गाडी तिने जन्मात घेतली नव्हती. ती दुकानात आली आणि म्हणाली, "पिवळी सोडून कुठलीही दाखवा." मग माझ्यासमोर थांबली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि दुकानाचा तरुण मालक ट्रेंट याला बजावून सांगितलं, "हीच. पण मी एक जुलै उलटल्यावरच नेणार. हिच्या तोंडाला ड्रिल लागलेलं मला चालायचं नाही. एकतीस वर्षं बसच्या नाकावर आरसे, दिवे, पाट्या असला बाजार बघितलाय. हिचं नाक मोकळं राहू द्या."

तिचं हे म्हणणं हौसेचं होतंच, पण त्यात थोडं दुखणंही होतं. त्या वर्षी मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या त्या उन्हाळ्यापर्यंत उघडल्याच नाहीत. डार्लीन जूनमध्ये निवृत्त व्हायची होती. त्यामुळे तिची शेवटची फेरी झालीच नाही. मुलांनी शुक्रवारी "बाय, मिस डार्लीन" म्हटलं ते सोमवारी भेटू या समजुतीने. तो सोमवार काही आला नाही. निदान नव्या गाडीच्या बाबतीत तरी सगळं मनासारखं व्हावं, असं तिला वाटत होतं.

आता वेंडेलची ओळख करून देतो. दुकानाच्या मागच्या शेडमध्ये गाड्या तयार करायचं काम वेंडेलचं. नवी गाडी आली की तिचं प्लास्टिक सोलायचं, तिला धुवायचं, पुसायचं आणि पुढे भोकं पाडून प्लेटची पट्टी बसवायची. अडतीस वर्षं तो हेच करत होता. ट्रेंटच्या आजोबांनी त्याला कामावर घेतलं होतं. त्याने पाडलेली भोकं कधी वाकडी गेली नाहीत आणि एकही वाया गेलं नाही. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, तसा तो आमच्या गावचा सोनार होता.

दोन जुलैच्या सकाळी वेंडेलने मला धुतलं, पुसलं, गाणं गुणगुणत ड्रिल उचललं आणि गुर्रर्र, गुर्रर्र, माझ्या हनुवटीला दोन भोकं पाडली. मला ओरडता येत असतं तर मी सगळं बेल्फर्ड गोळा केलं असतं. मग पट्टी घेण्यासाठी तो भिंतीकडे वळला. भिंतीवर कागद चिकटवलेला होता. त्यावर जाड अक्षरात लिहिलं होतं, "एक जुलैपासून पुढे भोकं पाडायची नाहीत." अक्षर वेंडेलचंच होतं.

वेंडेलच्या हातातून पट्टी खाली पडली. तो कितीतरी वेळ त्या कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. एवढा शांत माणूस, पण त्याची पाचावर धारण बसली.

दुपारी डार्लीन आली. त्या दिवसांत सगळं गाव तोंडाला मास्क लावून फिरत होतं. उघड्या तोंडाने उभा होतो तो मी एकटाच, आणि त्या तोंडाची ही दशा.

"ट्रेंट," ती मास्कच्या आडून गरजली, "माझ्या गाडीला नाकपुड्या कुणी फोडल्या?"

ट्रेंट धावत आला आणि त्याने कपाळाला हात लावला. "माफ करा, डार्लीन. नवा बंपर मागवतो. आठवड्यात बदलून देतो. हा मागच्या कचऱ्यात टाकून देऊ."

कचऱ्यात! मित्रांनो, मला जगात येऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते. शेडच्या मागे तो मोठा हिरवा पेटारा मी येताना पाहिला होता. त्यात फुटके दिवे आणि वाकलेली चाकं पडलेली होती.

तेवढ्यात वेंडेल पुढे झाला. "भोकं मी पाडली. चूक माझी. बंपर चांगला आहे, तो फेकू नका. मला दोन आठवडे द्या. मी ती अशी लपवतो की शोधून सापडणार नाहीत."

"आणि सापडली तर?" डार्लीनने विचारलं.

"मग खुशाल नवा बसवा."

डार्लीनने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "शोधायला मी लोइसला आणीन, सांगून ठेवते." लोइस म्हणजे तिची थोरली बहीण. पन्नास वर्षं गोधड्या शिवून तिची बोटं अशी तयार झाली होती की अंधारातही टाका चुकलेला कळे.

डार्लीन गेल्यावर ट्रेंट वेंडेलजवळ आला. तो वाईट मुलगा नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "वेंडेल, तो कागद तुम्हीच लावला होता ना? दोन आठवडे घ्या. पण हे जमलं नाही तर आपण दोघं बसून बोलू. कदाचित आता घरी आराम करायची वेळ झाली असेल."

ट्रेंट गेल्यावर वेंडेल माझ्यासमोर उलट्या बादलीवर बसला. गाड्यांशी बोलायची त्याला सवय होती. "माझ्या बापाचंही असंच सुरू झालं, बाळा," तो म्हणाला. "आधी किल्ल्या विसरायचा. मग शेजाऱ्यांची नावं. मग माझं. तेव्हा तो पासष्टचा होता. मीही आता पासष्टचाच आहे." त्याने माझ्या एका भोकात करंगळी घातली आणि तशीच ठेवली. मला माझ्या दुखण्यापेक्षा त्याचं भय मोठं वाटलं. तेव्हापासून मी मनात म्हणू लागलो की, देवा, ही भोकं लपू देत. माझ्यासाठी नाहीत तर ह्याच्यासाठी तरी.

पहिला उपाय सोपा होता. त्याने निळ्या प्लास्टिकची दोन बुचं आणून भोकांत दाबून बसवली. लांबून बरी दिसली. डार्लीन मला घरी घेऊन गेली, वाटेत मक्याची कणसं घेतली आणि येताना गाडी धुण्याच्या बोगद्यातून मला फिरवून आणलं. पाण्याच्या माऱ्याने डावं बूच उडालं ते कायमचंच. मी एका नाकपुडीने दारात उभा राहिलो. शेजारी येऊन हसून गेले.

दुसऱ्या खेपेस वेंडेलने दोन्ही भोकांत पुट्टी भरली, घासली आणि वरून निळा रंग लावला. घाई केली बिचाऱ्याने. शेडमध्ये रंग एकजीव वाटला, पण उन्हात नेल्याबरोबर दोन ठिपके वेगळ्याच निळ्या रंगात चमकायला लागले. लोइस आली, तिने चष्मासुद्धा लावला नाही.

"निळ्यावर निळं ठिगळ," ती म्हणाली. "माझ्या गोधडीत चालेल हो, पण तिथे आम्ही ते मुद्दाम लावतो."

दोन आठवड्यांतले चारच दिवस उरले. वेंडेलच्या नाकी नऊ आले होते. ट्रेंट जाता येता काही बोलत नव्हता, आणि त्या न बोलण्याचंच वेंडेलला जास्त ओझं वाटत होतं. शेवटी वेंडेलने डार्लीनला फोन करून सांगितलं, की रुळांपलीकडे एक रंगवाला आहे, तो गाडी उन्हात उभी करून डोळ्यांसमोर रंग जुळवून देतो. मी गाडी घेऊन जातो.

"माझी गाडी मी चालवणार," डार्लीन म्हणाली. "तुम्ही मागे बसा. अंतर ठेवून."

अशी आमची वरात निघाली. डार्लीन चाकामागे, वेंडेल मागच्या सीटवर, दोघांच्या तोंडाला मास्क आणि चारही खिडक्या उघड्या. त्यामुळे पुढे असूनही मला सगळं ऐकू येत होतं. वेंडेल वाटभर गप्प होता. रेल्वे फाटक आलं. दांडा वर होता, दिवे बंद होते, आगगाडीचा पत्ता नव्हता. तरी डार्लीनने मला करकचून थांबवलं. तिचा उजवा हात पुढे गेला आणि हवेतच कसलीतरी दांडी धरून ओढल्यासारखा मागे आला.

"सगळे चूप!" ती ओरडली. "बूड सीटवर!"

मागच्या सीटवर वेंडेल टुणकन उडाला. "मी... मी काहीच बोललो नाही हो!"

मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. डार्लीनची मान लाल झाली. तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो अजून ती नसलेली दांडी धरून होता.

"तुम्हाला नाही," ती पुटपुटली. "मुलांना म्हटलं. फाटक आलं की बस थांबवायची, दांडी ओढून दार उघडायचं, पोरांना गप्प करायचं आणि आगगाडी येते का ते कान देऊन ऐकायचं. एकतीस वर्षं, दिवसातून चार वेळा. ही बस नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. ह्या हाताला ठाऊक नाही, त्याला मी काय करू? जित्याची खोड आहे."

मागून खुसखुस ऐकू आली, आणि मग वेंडेल असा हसायला लागला की मी चाकांपर्यंत हादरलो.

"हसताय काय? खाली उतरवीन! मी आठवीतल्या दांडगटांना उतरवलंय."

"उतरव, उतरव," वेंडेल डोळे पुसत म्हणाला. अहो-जाहो त्या फाटकातच गळून पडलं. "डार्लीन, दहा दिवस झोप नाही मला. मला वाटलं, माझंही बापासारखं व्हायला लागलं. कागद मी लावला आणि भोकंही मीच पाडली!"

डार्लीन मान वळवून बघत राहिली. मग तिचा तो बसभर घुमणारा आवाज एकदम मऊ झाला. "अरे वेड्या, तू विसरला नव्हतास. तुझ्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. अडतीस वर्षांत किती गाड्या झाल्या?"

"मोजल्या नाहीत."

"मग? हात एका कागदाने ऐकतो होय!"

मागच्या ट्रकने पुन्हा भोंगा दिला. डार्लीनने खिडकीतून हात काढून त्याला थांबायची खूण केली आणि दोन्हीकडे नीट कान देऊन मगच रूळ ओलांडले.

त्यानंतर माझ्या डोळ्यांदेखत वेंडेल बदलला. माझ्यावर पुन्हा काम सुरू झालं तेव्हा त्याला कसलीच घाई नव्हती. त्याने मला गाडीवरून उतरवून टेबलावर घेतलं. जुनी पुट्टी खरवडून काढली. आतल्या बाजूने बारीक जाळी चिकटवली, तिच्या आधाराने नवा मसाला भरला, आणि तो पुरता वाळेपर्यंत हातही लावला नाही. मग पॉलिशपेपरने घासणं, आधी जाड, मग बारीक, मग पाण्यात भिजवलेला. रंगवाल्याने उन्हात जुळवून दिलेला रंगही नुसता ठिपक्यांवर न देता माझ्या सगळ्या तोंडावर दिला. आणि हे करताना तो पुन्हा गुणगुणत होता. मला तेच सगळ्यात आवडलं.

मुदतीच्या दिवशी सगळे जमले. ट्रेंटने विजेरी मारून पाहिलं, वाकून पाहिलं, गुडघ्यावर बसून पाहिलं. डार्लीनने नाक माझ्या तोंडाला टेकवलं. मग लोइसची पाळी आली. तिने डोळे मिटले आणि दहाही बोटं माझ्या हनुवटीवरून सावकाश फिरवली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मी दगडासारखा झालो होतो.

"कुठे होती म्हणालात?" लोइसने विचारलं.

डार्लीनने टाळी वाजवली. ट्रेंट हसला, वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सोमवारी दोन गाड्या येतायत, वेंडेल. तुमच्याशिवाय कोण करणार?" आणि दारातून वळून पुढे म्हणाला, "पुढे भोकं नकोत हं!"

तो उन्हाळा माझ्या वैभवाचा होता. सगळ्यांनी माझं तोंड बघावं आणि मी चमकावं! किराणा दुकानातली ट्रॉली मला भेटली तीही त्याच दिवसांत, पण तो एक ओरखडा सोडला तर गर्वाने फुगायला मला काहीच कमी नव्हतं.

ऑक्टोबरात डार्लीनचा वाढदिवस आला. दुपारी आमच्या रस्त्यावर भोंग्यांचा गलका झाला. पाहतो तर गाड्यांची ही लांबलचक रांग! प्रत्येक गाडीच्या खिडकीतून एक दोन मुलं बाहेर लोंबत होती. चौदा नंबरच्या बसमधली मुलं होती ती. गाडी दारासमोरून हळू जायची आणि आतून ओरडा यायचा, "बाय, मिस डार्लीन!" पुढची गाडी, पुन्हा "बाय, मिस डार्लीन!" मार्चमध्ये राहून गेलेली शेवटची फेरी मुलं तिच्या दारात घेऊन आली होती. डार्लीन पायरीवर उभी राहून "बूड सीटवर! डोकी आत!" असं ओरडत होती आणि घळाघळा रडत होती.

शेवटच्या गाडीने एक भेट ठेवली. नंबरप्लेटच्या मापाची पत्र्याची पाटी, बसच्या पिवळ्या रंगात रंगवलेली. मधोमध काळा ठसठशीत चौदा, आणि भोवती बारीक वेड्यावाकड्या अक्षरांत सगळ्या मुलांची नावं. एकाने जागा पुरली नाही म्हणून आपलं नाव कोपऱ्यातून वर वळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डार्लीनने मला वेंडेलच्या शेडसमोर उभं केलं आणि पाटी त्याच्या हातात दिली.

"पुढे लाव."

वेंडेलने पाटी पाहिली, मग मला पाहिलं. "डार्लीन, ह्याला भोकं नाहीत."

"मग पाड."

"तू मला दोन आठवडे रडवलंस ती भोकं नकोत म्हणून!"

"तेव्हा तिथे लावायला काही नव्हतं," डार्लीन म्हणाली. "आता आहे."

आवाज ऐकून ट्रेंट बाहेर आला. त्याने पाटी वाचली आणि आत जाऊन मोजपट्टी आणली. वेंडेलने ती घेतली नाही. त्याने डोळे मिटले, माझ्या गुळगुळीत हनुवटीवर अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. "इथे," तो म्हणाला. मग दुसरीकडे. "आणि इथे." ड्रिल लावलं तर ते अगदी जुन्या जागीच आत गेलं, केसाचाही फरक नाही. लोइसच्या बोटांना जे सापडलं नव्हतं ते त्याला डोळे मिटून आठवत होतं. ट्रेंट मोजपट्टी गुंडाळत म्हणाला, "आणि मी ह्यांना घरी बसवायला निघालो होतो!" वेंडेल ताठ उभा राहिला. बापासारखं होण्याची भीती त्याच्या चेहऱ्यावरून त्या सकाळी गेली ती मला पुन्हा दिसली नाही.

खरं सांगू, मित्रांनो? ह्या वेळी ड्रिल लागलं तेव्हा मला जराही दुखलं नाही.

पुढे दोन वर्षांनी वेंडेल आपल्या मर्जीने, केक कापून निवृत्त झाला. आता दर शनिवारी तो मला धुतो. हिवाळ्यात मीठ साचू देत नाही, पाटीचे स्क्रू गंजले की बदलतो. पाटीवरच्या मुलांतली काही आता स्वतः गाडी चालवायला लागली आहेत. ती रस्त्यात दिसली की भोंगा वाजवतात. तुमच्या घरीही असं काहीतरी असेल, ओरखडा पडलेलं, भोक पडलेलं. ते फेकण्याआधी एकदा नीट हातात घेऊन बघा. थोडी पुट्टी, थोडा धीर आणि एखादा वेंडेल मिळाला तर ते अजून पुष्कळ वर्षं चालेल. आणि ज्याच्या हातून चूक झाली त्यालाही दोन आठवडे द्या.

वेंडेल आता मागे बसत नाही, पुढे डार्लीनच्या शेजारी बसतो. फाटक आलं की ती मला थांबवते, "सगळे चूप!" म्हणून ओरडते, आणि तिचा उजवा हात हवेतली दांडी ओढतो. त्या क्षणी वेंडेल आपल्या बाजूचं दार उघडतो.

मग दोघं कान देऊन ऐकतात.